गारवाला बुदिमिर

आमच्या लिपा गावात कुणाच्या आलुबुखाराला कीड लागली तर दोष किडीचा, कुणाची गाय आटली तर दोष गाईचा. पण आभाळातून काही पडलं, किंवा पडायला हवं ते पडलं नाही, तर दोष बुदिमिरचा. पाऊस लांबला की बायका म्हणतात, "मेल्यानं ढग फोडून टाकले." पाऊस जास्त झाला की त्याच बायका म्हणतात, "झोपला होता मेला." आणि तो टेकडीवरून खाली आला की त्यालाच पहिल्यांदा कॉफी विचारतात. बुदिमिर ती पितोही. मी असते तर कप डोक्यात घातला असता.

बुदिमिर गारा मारतो. टेकडीवर पत्र्याची एक खोली आहे, तिच्याशेजारी लोखंडी घोड्यावर आठ रॉकेटं, आत वायरलेस. शहरातल्या रडारवाल्यांना ढगात गारा दिसल्या की हुकूम येतो, अमुक दिशेला, अमुक उंचीवर, इतकी सोडा. रॉकेट ढगात जाऊन फुटतं आणि अंड्याएवढ्या गारांच्या जागी तांदळाएवढ्या पडतात, निदान पडाव्यात अशी अपेक्षा असते. खरं तर या कामाला दोन माणसं लागतात. दुसरा ऑस्ट्रियात लिन्झला फरश्या बसवायला गेला, तो तिकडचाच झाला. तेव्हापासून एप्रिल ते ऑक्टोबर बुदिमिर एकटाच आभाळाकडे तोंड करून बसतो. मी देसांका, चाळीस वर्षं इथल्या टपालकचेरीत काढली. माझी बाग त्याच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे, म्हणून त्याची कॉफी मीच करते आणि त्याचं डोकंही मीच खाते.

रॉकेटं कुठल्याही दिशेला सोडायला मुभा आहे, पूर्व सोडून. पूर्वेला दोन किलोमीटरवर आमचा देश संपतो आणि बल्गेरिया सुरू होतो. पूर्वी लिपा एकच होती. पहिल्या महायुद्धानंतर कुठल्या तरी लांबच्या टेबलावर कुणी रेघ ओढली आणि चर्च त्यांच्याकडे गेलं, दफनभूमी आमच्याकडे राहिली. म्हणजे बाप्तिस्मे तिकडे आणि मयतं इकडे. टेकडीवरून त्यांच्या चर्चचा घुमट दिसतो, घंटा ऐकू येते, पण तिथं जायचं तर चौकीला वळसा घालून सेहेचाळीस किलोमीटर. शिवाय ते लोक आमच्यापेक्षा घड्याळात एक तास आणि संतांत तेरा दिवस पुढे. आमच्याकडचे पाद्री जुनं पंचांग पाळतात, तिकडच्यांनी नवं धरलं. तेव्हा एकाच संताचा सण आधी ते खातात, मग आम्ही. संताची दोनदा सोय होते.

बाकी सगळं दोन्हीकडे सारखंच. ढग काळे झाले की आमच्या म्हाताऱ्या अंगणात कुऱ्हाड पातं वर करून ठेवतात आणि जेवायचं बुटकं टेबल उलटं टाकतात, गार घाबरून पळावी म्हणून. तिकडच्या म्हाताऱ्याही हेच करतात. कुणी सह्या न करता चालणारा हा दोन्ही देशांचा एकमेव संयुक्त कार्यक्रम.

सह्या झालेले कार्यक्रमही आहेत बरं का. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या हॉटेलात मोठी परिषद झाली, बाल्कन देशांच्या सहकार्याची आणि एकीची. सात देशांचे झेंडे, प्रत्येकाच्या कानात दुभाषाचं यंत्र. आमची भाषा आणि लिपाच्या पलीकडची भाषा इतकी जवळची की बकऱ्याचा भाव ठरवायला आम्हाला कधी दुभाषा लागला नाही. पण यंत्रं भाड्यानं आणली होती, म्हणून सगळ्यांनी घातली. बुदिमिरला 'तळागाळातला प्रतिनिधी' म्हणून नेलं होतं. दिवसभर रस्ते, रेल्वे, वीज, बंधुभाव यांवर भाषणं झाली. शेवटी कुणी तरी विचारलं, तळागाळाला काही बोलायचंय का?

बुदिमिर उठला. म्हणाला, "साहेब, माझ्या डोक्यावरून ढग पुढं गेला की पलीकडच्या गारवाल्याला मी एक फोन करू का? त्याचा नंबर मला ठाऊक आहे."

सगळ्यांनी कानातली यंत्रं चाचपली. मग एका साहेबांनी प्रश्न फार मोलाचा असल्याचं सांगितलं आणि तो लिहून घेतला. तो अजून लिहिलेलाच आहे. येताना बुदिमिरला एक छत्री मिळाली, तिच्यावर सातही झेंडे. पहिल्याच गारांत तिची चाळणी झाली.

तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, हेच आमच्या या सगळ्या मुलखाचं दुखणं. पण बुदिमिरचं दुखणं त्याहून नेमकं होतं, त्याचं नाव मेतोदी.

मेतोदी पलीकडच्या लिपाचा. त्याची चेरीची बाग सीमेला लागून आहे. तो बुदिमिरचा कूम. कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहणारा आणि पोरांच्या डोक्यावर पवित्र पाणी पडताना त्यांना हातात धरणारा. हे नातं माणसाचं नसतं, घराण्याचं असतं आणि ते रक्ताच्या वर मानतात. भावाशी भांडलात तर लोक म्हणतील, होतं असं. कुमाशी भांडलात तर तुमच्या दारात कुत्रं बसणार नाही. सीमेवर काटेरी तारा होत्या त्या काळीही या दोन घरांचं कूमपण तुटलं नाही. तेव्हा वर्षातून एक दिवस मधलं कुरण उघडायचे आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांना भेटू द्यायचे. त्या जत्रेत, सैनिकांची पाठ वळलेली बघून, बुदिमिरच्या बापानं तान्ह्या मेतोदीचा बाप्तिस्मा कलिंगडं गार करायच्या घमेल्यात उरकला होता. पुढं बुदिमिर मेतोदीच्या लग्नात उभा राहिला, त्याच्या पोराला, रुमेनला, त्यानंच हातात धरलं.

आणि गेल्या वर्षीच्या जूनमध्ये गारांनी घात केला. ढग आला, बुदिमिरनं चार रॉकेटं सोडली, आमचं गाव वाचलं. पण ढग मोडला नाही, तसाच सरकत पूर्वेला गेला. पूर्वेला सोडायची परवानगी नाही. उरलेल्या चार रॉकेटांशेजारी उभं राहून बुदिमिरनं मेतोदीची पिकलेली बाग झोडपली जाताना पाहिली. दुसऱ्या दिवशी सेहेचाळीस किलोमीटर गाडी हाणून मेतोदी टेकडीवर आला. त्यानं घोड्यावरची चार रॉकेटं मोजली.

"ही काय लोणच्याला ठेवलीस?" एवढंच बोलला आणि गेला.

त्यानंतर वर्षभर शब्द नाही. सणाला निरोप नाही, आजारात विचारपूस नाही. बुदिमिर वरून हसायचा, पण त्याची कॉफी मी करते, मला ठाऊक आहे. तीन-तीन वेळा गरम करून द्यावी लागायची. तेवढ्यात रुमेनला मुलगी झाली. आता प्रश्न एकच होता, पोरीला हातात कोण धरणार? मेतोदीनं दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर चार पिढ्यांचं कूमपण संपलं असतं आणि बुदिमिरला दोन्ही लिपांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. खालच्या दुकानात लोक दबक्या आवाजात बोलायचे आणि तो आत गेला की हवामानावर बोलायचे. त्याच्यासमोर हवामानावर! वेंधळे कुठले.

एप्रिलच्या शेवटी मी चौकीपलीकडच्या बाजारात रोपं आणायला गेले होते, तिथं मेतोदीनं मला गाठलं. हातात कोरीव लाकडी सुरई, तिच्या गळ्यात लाल दोरा आणि आत घरची दारू. कुमाला बोलावणं फोनवर करत नाहीत, अशी सुरई पाठवतात.

"संत गेरमानच्या दिवशी, दहा वाजता, चर्चमध्ये," तो रोपांकडे बघत म्हणाला. "एवढंच सांग त्याला."

संत गेरमान हा गारांचा मालक. मेतोदीनं दिवस निवडला होता तोही असा.

मी सुरई आणून दिली. बुदिमिरनं ती दोन्ही हातांत धरली, घोट घेतला, आणि ठसका लागल्याचं निमित्त करून डोळे पुसले. मग विचारलं, "देसांकाताई, गेरमान म्हणजे त्यांचा की आपला?"

"मी टपालखात्यातली बाई," मी म्हटलं. "पाकीट पोचवते. फोडून वाचत नाही."

तेव्हा फार तोऱ्यात म्हटलं. फोन करून विचारलं असतं तर माझी जीभ झिजली नसती.

बुदिमिरनं रात्रंदिवस विचार केला. पोर त्यांचं, चर्च त्यांचं, तेव्हा दिवसही त्यांचाच, आणि घड्याळही. कुमाला मान द्यायचा तर पुरता द्यावा. मग बारा मेला, शेजारच्या गावातला गारवाला बदली बसवून, काळा कोट घालून, पोरीसाठी पांढरं कापड, मेणबत्ती आणि चांदीचा क्रूस घेऊन तो पहाटेच निघाला.

दुपारी परत आला तो टेकडीवर न जाता सरळ माझ्या बागेत आला आणि आलुबुखाराच्या झाडाखाली बसला.

"चर्चला कुलूप. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळे खालच्या गावच्या जत्रेला गेलेत." कोटाची बटणं तो एकेक करून काढत होता. "मला बोलावलं आणि जत्रेला गेले. देसांकाताई, वर्षभर बोलला नाही ते मी समजू शकतो. पण असं?"

मलाही संताप आला. मेतोदीच्या सात पिढ्या मी त्या झाडाखाली उद्धरल्या. मग तेरा दिवस आम्ही दोघांनी मिळून मेतोदीला शिव्या घातल्या. मुख्यतः मीच, तो नुसती मान हलवायचा.

पंचवीस मेला सकाळी मी दूध गाळत होते आणि माझा फोन वाजला. रुमेन होता.

"देसांकामावशी, कूम कुठायत? साडेदहा होऊन गेले. पाद्रीबाबा ताटकळलेत, पोरगी रडून रडून लाल झालीय!"

"कसले पाद्रीबाबा?"

"अहो, बाप्तिस्मा! आज गेरमान ना? तुमचा गेरमान! बाबा म्हणाले, कूम जुन्या पंचांगाचे, त्यांच्या दिवशीच करू. पाद्रीबाबा कुरकुरत होते, त्यांनाही बाबांनी पटवलं."

मी दुधाच्या बादलीशेजारीच बसले. याला म्हणतात अति तिथे माती. दोन देशांना शंभर वर्षांत एक गोष्ट जमली नव्हती, एकमेकांसाठी मागं सरणं. ती या दोघांनी एकाच वेळी केली आणि बरोबर तेरा दिवसांनी चुकामूक झाली.

मी टेकडी चढले. या वयात धावणं म्हणवणार नाही, पण चालणंही नव्हतं. वर पोचले तर बुदिमिर वायरलेसला कान लावून उभा, आणि पश्चिमेचं आभाळ असं काळंनिळं की त्याचं पोट पांढुरकं दिसत होतं. गारांचा ढग असाच असतो, लांबून ओळखू येतो.

मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यानं माझा दिवस धरला?" बुदिमिर हळूच म्हणाला.

"आणि तू त्याचा. दोघेही महाशहाणे!"

तो हसायला लागला आणि मधेच थांबला. वायरलेस खरखरला, "लिपा, तयार राहा. आठही जोडा. जागा सोडू नका."

त्यानं खाली उभ्या असलेल्या आपल्या जुन्या लाडा गाडीकडे पाहिलं. मग पूर्वेला पाहिलं, जिथं मेतोदीच्या चेऱ्या लाल होऊ लागल्या होत्या. आत्ता निघाला असता तर तासाभरात चर्चमध्ये पोचला असता. कूमपण राहिलं असतं, बाग गेली असती. मी त्या वेळी काही बोलले नाही, हे गावात कुणाला खरं वाटत नाही.

"फोन दे," तो म्हणाला.

वर्षभरानंतरचं त्यांचं पहिलं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं, कारण ते फार लांब नव्हतं.

"कूम, मी बुदिमिर. मी येऊ शकत नाही. ढग आलाय, तुझ्याकडेच निघालाय." त्यानं ढगाकडे नजर टाकली. "पोरीला थांबवू नकोस. दुसरा कुणी उभा कर. माझी ना नाही."

पलीकडून फोन बंद झाला. बुदिमिरनं तो रॉकेटांच्या पेटीवर ठेवला, जपून, जसं काही काचेचं भांडं आहे. कानांवर लावायचं झापण एकच होतं, ते त्यानं माझ्या डोक्यावर चढवलं आणि मला खोलीत ढकललं.

तीन सोडली, मग दोन, मग पुन्हा हुकूम आला आणि उरलेली तीन. पत्रे थरथरले, कपाटातले कप खाली आले. या वेळी त्यानं ढगाला आमच्या डोक्यावर येऊच दिलं नव्हतं, लांब पश्चिमेलाच गाठलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग पाऊस आला, त्यात बारीक, मऊ गारा, पत्र्यावर तांदूळ सांडल्यासारख्या. ढग पूर्वेला सरकला आणि तिथंही नुसताच पाऊस पडला. बुदिमिर दारात उभा राहून तो बघत होता. मी म्हटलं, "जमलं रे!" त्यानं वळूनही पाहिलं नाही. पुन्हा ओरडले. तेव्हा कळलं, त्याला ऐकूच येत नव्हतं.

रडारवाल्यांनी मोकळं केलं तेव्हा दुपार झाली होती. बुदिमिरनं काळा कोट चढवला.

"आता कशाला?" मी त्याच्या कानात किंचाळले. "वरातीमागून घोडं!"

"पाहुणा म्हणून जाऊ," तो गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाला. "पोरीचं कापड आणलंय, ते काय मी नेसू?"

बहिऱ्याला गाडी कशी चालवू द्यायची? मीच बसले चाकावर. चौकीवर आमच्या बाजूनं कुणी अडवलं नाही. पण पलीकडच्या बाजूला त्यांचा कुत्रा बुदिमिरजवळ आला, कोट हुंगला आणि धप्पकन खाली बसला. बारुदाचा वास! पाच मिनिटांत आम्ही दोघे भिंतीला उभे आणि गाडीच्या सीटा काढून बाहेर.

"स्फोटकं कुठायत?" तरुण अधिकाऱ्यानं विचारलं.

"काय?" बुदिमिर म्हणाला.

"स्फोटकं!"

"संपली," बुदिमिर प्रामाणिकपणे म्हणाला. "आठही सोडली."

मी त्या पोराला गारा, चेऱ्या, कूम, दोन गेरमान, सगळं समजावत बसले. दीड तास गेला. शेवटी त्याचा वरिष्ठ आला, तो पलीकडच्या लिपाचाच जावई निघाला. त्यानं बुदिमिरला बघितलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "सोडा यांना. माझ्या सासऱ्याच्या चेऱ्या याच्याच भरवशावर आहेत."

आम्ही चर्चशी पोचलो तेव्हा त्यांच्या घड्याळात पाच वाजले होते. बुदिमिर पायरीशी थबकला. दार आतून बंद, आत माणसांचा आवाज. मला तेव्हा वाटलं, याला उगाच आणलं, आता दुसऱ्या कुणाच्या हातात पोर बघून हा इथंच कोसळेल.

कुलपात किल्ली फिरली. दारात मेतोदी, लाल डोळ्यांचा. तो बाजूला सरला आणि पाण्याच्या भांड्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. पाद्रीबाबा खुर्चीत पेंगत होते. रुमेन माझ्या कानात म्हणाला, "पाद्रीबाबा दोनदा निघाले होते. बाबांनी दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. म्हणाले, आमचा कूम कामावर आहे."

पोर बुदिमिरच्या हातात आली, तिच्या वतीनं उत्तरंही आता त्यालाच द्यायची होती. पाद्रीबाबांनी जांभई दाबून विचारलं, "सैतानाचा त्याग करतोस का?"

बुदिमिर पोरीकडे बघून प्रेमानं हसला.

"सैतानाचा त्याग करतोस का?" पाद्रीबाबांनी आवाज चढवला. बुदिमिर हसतच राहिला. बाकांवर कुजबुज झाली. एवढा वेळ थांबवून कूम सैतान सोडायला तयार नाही, म्हणजे काय! तेव्हा मेतोदी पुढं झाला, बुदिमिरच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडला, "म्हण, करतो!"

"करतो!" बुदिमिर इतक्या जोरात म्हणाला की पोर दचकून गप्प झाली. पुढचा सगळा विधी असाच झाला. पाद्रीबाबा विचारत, मेतोदी कानात सांगे, बुदिमिर उत्तर देई. वर्षभर न बोललेली दोन माणसं, एकाच्या तोंडून दुसरा बोलत होता. मी रडले, लपवत नाही.

पोरीच्या डोक्यावर पाणी पडलं, पांढरं कापड गुंडाळलं गेलं. सगळे उभे राहिले. तेव्हा मेतोदी पुन्हा बुदिमिरच्या कानाशी वाकला आणि अगदी हळू काही तरी पुटपुटला.

"काय?" बुदिमिर म्हणाला.

मेतोदीनं इकडंतिकडं पाहिलं, पुन्हा पुटपुटला.

"कूम, मोठ्यानं बोल. कान गेलेत माझे."

मेतोदी चेरीसारखा लाल झाला. पण बोलला, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं. "म्हटलं, गेल्या वर्षी मी चुकलो! तुझा दोष नव्हता, आणि मला ते तेव्हाही ठाऊक होतं!"

बुदिमिरनं मान डोलावली. पोर एका हातावर घेतली आणि दुसऱ्या हातानं त्याला मिठी मारली. मग खाणंपिणं झालं, नाच झाला, आणि उजेड असतानाच आम्ही निघालो. चौकी ओलांडून घाट चढताना माझं लक्ष काट्याकडे गेलं, आणि मी स्वतःशीच पुटपुटले, "पेट्रोल पुरतंय की नाही कुणास ठाऊक."

"पुढच्या वळणावर पंप आहे," बुदिमिर म्हणाला.

मी गाडीच थांबवली. "लबाडा! तुला ऐकू येत होतं?"

"येत होतं. विधी संपता संपता कान सुटले." तो खिडकीबाहेर बघत होता. "वर्षभर वाट पाहिली होती, देसांकाताई. एकदाच ऐकून भागलं नसतं."